दुपारची ओहोटी: एका किनारा-सहलीचं प्रकरण

साताऱ्याहून समुद्र सहा तासांवर आहे. उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि पुढे हातखंब्याला वळलं की रत्नागिरी. आमच्या महाविद्यालयातली बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाची प्राणिशास्त्राची मुलं दर हिवाळ्यात याच वाटेने किनाऱ्याच्या अभ्यासाला जातात. ज्या सहलीबद्दल लिहिते आहे तीही तशीच होती: जानेवारीतला दुसरा शनिवार-रविवार, ३१ विद्यार्थी, आम्ही दोन शिक्षक, प्रयोगशाळेतले मामा आणि प्रासंगिक कराराची एसटी. कोणी बुडालं नाही, कोणाला काही चावलं नाही, घाटात गाडीही बंद पडली नाही. अहवालात लिहितात तशी सहल 'उत्साहात पार पडली'. तरी तिच्यावर इतकं लिहायचं कारण म्हणजे मुलांच्या जर्नलांत सापडलेला एक शंख. तो त्या खडकावर असूच शकत नव्हता.

काम काय होतं

खडकाळ किनाऱ्यावर भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेपासून पाण्यापर्यंत दोरी धरायची. दर पाच मीटरवर अर्ध्या मीटरची पीव्हीसी पाइपची चौकट टाकायची आणि तिच्यात काय काय आहे ते मोजायचं. हात लावायचा नाही, उचलायचं नाही, फोटो काढायचा. प्रवाळ, समुद्रकाकडी यांसारख्या प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय पूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने पाच नमुने फॉर्मॅलिनमध्ये घालून आणायची जी पद्धत होती, ती आम्ही केव्हाच बंद केली आहे.

मुलांना चौकट नवी नव्हती. कासच्या जांभ्यावर त्यांनी ती टाकलेली होती. पण कासचं पठार सकाळी जा की संध्याकाळी, जागेवर असतं. किनाऱ्यावरचा खडक दिवसातून दोनदा उघडतो, दोनदा मिटतो, आणि किती उघडायचं हे रोज वेगळं ठरतं. त्यामुळे खडकावर जीवांचे पट्टे पडतात. सगळ्यांत वर, जिथे फक्त शिंतोडे पोचतात, तिथे लिटोरिनाच्या मिरीएवढ्या गोगलगायी. त्याखाली खडकाला चिकटून राहणारे कवचधारी बार्नॅकल, नेरिटा आणि लिम्पेट या गोगलगायी, आणि खडकाला सिमेंटने चिकटवल्यासारखी कालवं. हा मधला पट्टा. आणि सगळ्यांत खाली, पाणी पुरतं उतरलं तरच थोडा वेळ उघडा पडणारा पट्टा. तिथे झोअँथिड या समुद्रफुलांच्या वसाहती करणाऱ्या नातलगांचे गालिचे, समुद्रफुलं, काटेरी सी अर्चिन, बारीक हातांचे ब्रिटल स्टार, स्पंज, सरगॅसम या समुद्रशेवाळाच्या तपकिरी झुबक्यांखाली लपलेलं काहीबाही. खरी गंमत तिथे असते. परीक्षेचे गुणही तिथेच असतात, कारण जर्नलच्या छापील तक्त्यात तीन रकाने आहेत आणि 'तिन्ही पट्ट्यांच्या नोंदी' याला पाच गुण.

तारीख कशी ठरली

विभागात सहलीची एक जुनी फाइल आहे. प्राचार्यांना द्यायच्या अर्जाचा मसुदा, पालकांचं संमतिपत्र, प्रथमोपचार पेटीची यादी, चौकटींची मापं. तिच्यात शाईने लिहिलेली एक सूचना होती: 'ओहोटी सकाळी ११ ते दुपारी १ या वेळेत येईल अशीच तारीख निवडावी.'

सूचना शहाणपणाची वाटते. साताऱ्याहून पहाटे पाचला निघालेली बस अकराच्या सुमारास पोचते. उजेड भरपूर. अंधारात मुलामुलींना खडकावर न्यायचं नाही. काम आटोपून जेवण, संध्याकाळी मत्स्यालय. मी तीन वर्षं हीच सूचना पाळून तारीख काढत होते. त्या वर्षीही भरती-ओहोटीचा तक्ता उघडला, वेळेच्या रकान्यावरून बोट फिरवलं, दुसऱ्या शनिवारी ओहोटी बाराच्या आसपास दिसली आणि लगेच बसचा अर्ज दिला. शेजारच्याच रकान्यात पाण्याची उंची मीटरमध्ये छापलेली होती. तिकडे बोट गेलं नाही.

किनाऱ्यावर

जागा रत्नागिरीच्या उत्तरेची, आरे-वारेच्या बाजूची. साडेअकराला सहा गटांनी सहा दोऱ्या धरल्या. वरचा पट्टा झाला, मधला झाला. बारा वाजले, साडेबारा वाजले. पाणी कालवांच्या पट्ट्याच्या खालच्या काठाशी येऊन थांबलं ते थांबलंच. एका गटाने पाण्याच्या रेघेवर खडूने खूण केली होती. वीस मिनिटांनी पाणी खुणेपासून बोटभरही हललं नव्हतं. मुलं पाण्यात उतरून पायाने चाचपडू लागली, तेव्हा ओरडून वर घ्यावी लागली.

थोड्या अंतरावर एक बाई उकिडव्या बसून लोखंडी हत्याराने कालवं फोडत होत्या. आमची घालमेल त्या बराच वेळ बघत असाव्यात. एका मुलाने विचारलं, "मावशी, पाणी अजून किती खाली जाईल?"

"आज न्हाय जायाचा. भांग हाय न्हाय का आज," त्या मान वर न करता म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "बाई, पोरांना ताच बघवायचा आसंल तर आवशेच्या वक्ताला येवा. फाटफटी."

मुलांनी 'भांग'वर व्हायचा तो विनोद करून घेतला. मीही हसले. सूचनेतली वेळ आम्ही पाळली होती, तक्ता पाहिला होता. पाण्याचं काहीतरी चुकलं असेल, उद्या उतरेल, असं मला खरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, ओहोटी पाऊण तास उशिरा आली आणि पाणी आदल्या दिवशीपेक्षा वरच थांबलं. उरलेला वेळ आम्ही रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या संग्रहालयात काढला. व्हेलच्या सांगाड्याखाली उभं राहून फोटो झाले. संध्याकाळी परतीचा घाट.

जर्नलमधला शंख

पंधरा दिवसांनी जर्नलं तपासायला घेतली. प्रत्येक गटाचा एक सामायिक तक्ता. सहापैकी चार गटांच्या खालच्या पट्ट्याच्या रकान्यात प्राणी होते. झोअँथिड, सी अर्चिन ५, ब्रिटल स्टार ३, वगैरे. दोन गटांचे तर आकडेही तंतोतंत सारखे. आणि चारही ठिकाणी शेवटची ओळ: 'टर्बिनेला पायरम, २'.

टर्बिनेला पायरम म्हणजे आपल्या देवघरातला शंख. तो राहतो वाळूच्या तळावर, काही मीटर पाण्याखाली. मन्नारच्या आखातात पाणबुडे बुड्या मारून तो काढत आले आहेत. तिथला तो जुना धंदा आहे. रत्नागिरीच्या उघड्या खडकावर, अर्ध्या मीटरच्या चौकटीत, दोन दोन शंख चार वेगवेगळ्या गटांना मिळणं म्हणजे अजिंक्यताऱ्यावर पापलेट मिळण्यासारखं आहे.

चार गटांना बोलावलं. आधी खाली माना, मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, खाली पाणीच होतं. पण तक्ता कोरा सोडला तर गुण जातात. सीनियर म्हणाले, मागच्या वर्षी तुम्हीच कापले होते."

खरं होतं. मागच्या वर्षी एका मुलाने रकाना कोरा सोडला होता आणि मी त्याचे तीन गुण कापले होते. शेरा मारला होता: 'निरीक्षण अपूर्ण'. त्या दिवशी कपाटातून मागची जर्नलं काढली. माझ्या सहीच्या तीन वर्षांपैकी दोन वर्षांत शंख होता. तो माझ्या नजरेखालून गेला होता, मी वाचला नव्हता. ३० जर्नलं एका दुपारी तपासताना आपण आकडे वाचत नाही, रकाना भरलेला आहे का तेवढं पाहतो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण प्रकरण लिहायचं तर स्वतःला वगळून लिहिता येणार नाही.

शंख आला कुठून? फाइल सुरू करणाऱ्या, आता निवृत्त असलेल्या सरांना फोन केला. ते विद्यार्थी असताना त्यांची सहल तमिळनाडूतल्या मंडपमला गेली होती. त्या काळी सागरी जीवशास्त्राची सहल म्हणजे मंडपम-रामेश्वरम. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं मुख्यालयसुद्धा १९७१ पर्यंत मंडपमलाच होतं. तिथे पाहिलेल्या प्राण्यांची यादी, संग्रहातल्यांसकट, त्यांच्या वहीत होती. "तक्ता कसा भरायचा याचा नमुना म्हणून मी ती फाइलला लावली होती," सर म्हणाले. "नमुना होता गं तो. त्यावर लिहायचं राहिलं."

फाइल विद्यार्थ्यांना बघायला मोकळी असे. सीनियरकडून ज्युनियरकडे तो नमुना उतरत गेला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचा शंख साताऱ्याच्या जर्नलांतून वर्षानुवर्षं रत्नागिरीला राहत होता.

दरवर्षीच पाणी का उतरत नव्हतं

इथपर्यंत हे कॉपीचं प्रकरण वाटतं, आणि माझ्या सहकाऱ्यांचं मत आजही तेच आहे. मला मात्र दुसरा प्रश्न सुटेना. एखाद्या वर्षी पाणी उतरलं नाही, मुलांनी नक्कल केली, हे समजू शकतं. पण इतक्या वर्षांत एकाही गटाला खालच्या पट्ट्याची स्वतःची यादी करता येऊ नये?

कपाटात आठ सहलींची जर्नलं होती. प्रत्येक सहलीची तारीख जर्नलवर असतेच. जुनी कॅलेंडरं, पंचांगं जमवून तारखांपुढे तिथ्या लिहिल्या. सप्तमी, अष्टमी, नवमी, पुन्हा अष्टमी, दशमी... आठही सहली याच घोळक्यात. कधी शुद्ध, कधी वद्य, एवढाच फरक. अमावस्या किंवा पौर्णिमेच्या जवळ एकही नाही. योगायोगाने असं होत नाही. कोणीतरी निवडून निवडून या तिथ्या घेतल्या होत्या, आणि निवडणारी ती फाइलमधली एक ओळ होती.

कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण घाटावरच्या वाचकासाठी सांगते. भरती-ओहोटीचं घड्याळ चंद्राचं. रोज ती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. किनाऱ्यावर यासाठी पाऊणकीचा हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि सहा तासांनी, बाराला ओहोटी. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वा अकरा. सव्वा अकराला भरती, सव्वा पाचला ओहोटी. बंदरागणिक थोडं मागेपुढे होतं, पण कामापुरतं बरोबर येतं.

आता दुसरी गोष्ट, उंचीची. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते. तेव्हा उधाण: भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात, एक दुसऱ्याला मारते. तेव्हा भांग: पाणी फारसं चढतही नाही, उतरतही नाही. समुद्र थोडा आळशी आहे, त्यामुळे उधाण आणि भांग दोन्ही तिथीनंतर एक-दोन दिवसांनी भरात येतात. रविवारी, नवमीला, पाणी शनिवारपेक्षाही वर का थांबलं याचं उत्तर इथे आहे.

या दोन गोष्टी मी वर्गात वेगवेगळ्या शिकवत होते. वेळ एका तासाला, उधाण-भांग दुसऱ्या तासाला. एकत्र ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. ओहोटीची वेळही तिथी ठरवते आणि ओहोटीची खोलीही तिथीच ठरवते. म्हणजे खोल ओहोटीची घड्याळातली वेळ एका किनाऱ्यापुरती बाराही महिने जवळपास पक्की असते. जगात असे किनारे आहेत जिथे ती भर दुपारी येते. कोकणात ती पहाटे-सकाळी येते आणि संध्याकाळी येते. आपल्याकडे दुपारी बाराची ओहोटी ही भांगाचीच ओहोटी. 'अकरा ते एक' असं लिहिणाऱ्याने नकळत 'फक्त भांगाला जावे' असं लिहून ठेवलं होतं. मावशींनी हे सगळं तीन वाक्यांत सांगितलं होतं.

काय निर्णय घेतला

विभागात दोन मतं पडली. सहकारी म्हणाले, चार गटांना त्या पाच गुणांत शून्य द्या. खोटी नोंद ही खोटी नोंद. माझं म्हणणं होतं की कोऱ्या रकान्याला शिक्षा आपणच ठेवली आणि भरण्यासाठी यादीही आपणच फाइलला लावून ठेवली, तेव्हा सगळा भार विशीतल्या मुलांवर टाकणं बरं नव्हे. शेवटी असं ठरलं: सहाही गटांना जर्नलं परत. खालच्या पट्ट्याचा रकाना आडवी रेघ मारून बंद करायचा आणि शेजारी लिहायचं की कोणत्या तिथीला, किती वाजता, पाणी कुठल्या प्राण्यांच्या पट्ट्यापर्यंत उतरलं. नक्कल केलेल्या चार गटांचे दोन दोन गुण कापले. सहकाऱ्यांना हे आजही सौम्य वाटतं. मला दोन गुणही कधी कधी जास्त वाटतात. आदल्या वर्षी ज्या मुलाचे तीन गुण मी कापले होते तो पास होऊन पुण्याला गेला होता. त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या मॅडम," आणि विषय बदलला.

मार्चच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलाला विचारलं, रकाना कोरा का? "अष्टमी होती, सर." परीक्षकांना वाटलं, मुलाचा उपास होता. मग मुलाने पाऊणकी मांडून दाखवली. त्या दिवशी तोंडी परीक्षा बरीच लांबली.

पुढच्या वर्षी

वद्य पक्ष निवडला, पौर्णिमेनंतरची द्वितीया. आठवड्याच्या मधला वार. ओहोटी सातच्या आसपास आणि उंचीच्या रकान्यात आकडा मागच्या सहलीच्या निम्म्याहून कमी. आदल्या रात्री मुक्काम करणं आलं, म्हणजे खर्च वाढला. साडेपाचला किनाऱ्यावर, म्हणजे पालकांचे फोन आले. कोरेगावच्या एका वडिलांनी विचारलं, "अंधारात पोरींना समुद्रात नेऊन तुम्ही दाखवणार तरी काय?" प्रश्न रास्त होता. २८ पैकी १९ जण आले. न आलेल्यांत मुली जास्त होत्या, हे मला आवडलेलं नाही.

धोकाही खरा होता. जुन्या सूचनेने आम्हाला इतकी वर्षं न कळत सांभाळलं होतं: भांगाचं पाणी संथ चढतं. उधाणाचं पाणी पहिला तासभर रेंगाळतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला झपाट्याने येतं; मागचा सखल भाग आधी भरतो आणि माणूस पुढच्या खडकावर अडकतो. म्हणून मामांना वरच्या खडकावर शिट्टी देऊन बसवलं. ओहोटीनंतर सव्वा तासाने शिट्टी, शिट्टी झाली की चौकट हातात असली तरी वर. पायात पट्ट्याचे बूट, समुद्राकडे पाठ नाही, आणि शंकूच्या आकाराच्या कोनस शंखाला बोटही नाही, कारण त्याचा डंख विषारी असतो.

टॉर्चच्या उजेडात आधी वास आला, सरगॅसमचा. मग कालवांचा पट्टा संपला, मागच्या वर्षी जिथे पाणी थांबलं होतं ती जागा आली, आणि खडक पुढेही होता. बराच पुढे. मुलं त्या काठावर क्षणभर थांबली. फटफटलं तसे पायाखालचे झोअँथिड दिसायला लागले, हिरवट-तपकिरी, ओले, मिटलेल्या बटणांसारखे, चौकटच्या चौकट भरून. एका डबक्यात समुद्रफुलाने आपले हात आत ओढून घेतले आणि सहा डोकी त्यावर वाकली. दगडाच्या कडेला ब्रिटल स्टारचा एकच पाय हलत होता. सी अर्चिन मिळाले, नमुन्यातल्या यादीइतके नाहीत. स्पंजावर सरपटणारं निळसर काहीतरी होतं. ते काय यावर अजून एकमत नाही, जर्नलमध्ये 'अनोळखी, फोटो क्र. ४१' अशी नोंद आहे. टर्बिनेला पायरम: शून्य.

आठ वाजून काही मिनिटांनी मामांनी शिट्टी मारली. सहापैकी दोन दोऱ्यांच्या शेवटच्या चौकटी राहिल्या. त्या रकान्यांत 'वेळ संपली' असं लिहिलं आहे आणि त्याचे गुण कापलेले नाहीत.

मावशींना या वेळी मुद्दाम शोधलं, त्या दिसल्या नाहीत. दुसऱ्या एक बाई होत्या, त्या म्हणाल्या उधाणाला त्या पलीकडच्या खडकावर जातात.

फाइलमधली जुनी ओळ आता खोडली आहे. मंडपमचा तक्ता काढून टाकला नाही, त्यावर लाल शाईने 'मंडपम, नमुना' असं लिहिलं आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना, ज्यांनी समुद्र पाहिलेलाच नसतो, आम्ही अजूनही अष्टमीलाच नेतो. वरचे दोन पट्टे त्यांना पुरतात आणि पाणी अंगावर येत नाही. तिसऱ्या वर्षाची तारीख यंदा अडली आहे. द्वितीया मंगळवारी येते आणि मंगळवारी अंतर्गत परीक्षा आहे. परीक्षा विभागाने विचारलं, शनिवारी का जात नाही. पाऊणकीचा हिशेब अर्जाला जोडून दिला आहे.